काड्यांचे कोडे आणि साखरेचा उतारा



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या कारखान्याच्या प्रयोगशाळेच्या खिडकीशी दोन-चार सभासद डोकावत उभे असतात. आत केमिस्ट साहेब एका लांब नळीत गाळलेला रस भरतात, ती यंत्रात ठेवतात, आकडा वाचतात आणि वहीत मांडतात. "पोल इतकी आली," असे म्हणतात. खिडकीतला शेतकरी मान हलवतो, पण समाधान काही होत नाही. मागच्या हंगामात पाचोऱ्याकडच्या एका वयस्क सभासदांनी सरळ विचारलेच, "हाई काय शे भाऊ? रस तापवला नाही, आटवला नाही, चाखून पाहिला नाही, अन् साखर किती ते नळीतून पाहून कसं कळलं?"

प्रश्न रास्त आहे. आपला भाव उताऱ्याला बांधलेला आहे. २०२५-२६ च्या हंगामाचा एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, आणि पुढच्या दर ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे. ज्या आकड्यावर वर्षाचे गणित बसते तो कसा निघतो हे सभासदाला कळलेच पाहिजे. आम्ही त्यांना तोंडी सांगून पाहिले. प्रकाशाची पातळी, अणूंची रचना, वगैरे. दहा मिनिटांत आमच्या लक्षात आले की आपले शब्द हवेत जात आहेत. त्यांचा नातू बारावी सायन्सला होता, तोही सोबत होता. त्याला "मिथेनचा कोन १०९.५ अंश" हे पाठ होते, पण कोणत्या दोन गोष्टींमधला कोन, ते काही त्याला दाखवता येईना.

मग आम्ही ठरवले की सांगायचे नाही, हातात द्यायचे. त्या खटपटीतून जी खेळणी आणि कोडी तयार झाली, त्यांचा हा पाठ. घरी पोरांना घेऊन करून बघा. खर्च चहापाण्याइतकाच.

सुरुवात एका जुन्या कोड्याने करू. आगपेटीच्या सहा काड्या घ्या, गुल काढून टाका. या सहा काड्यांचे चार सारखे त्रिकोण करायचे. प्रत्येक त्रिकोणाची बाजू एक अख्खी काडी. मोडायची नाही, एकीवर एक आडवी टाकायची नाही. करून बघा, मगच पुढे वाचा.

टेबलावर हे कोडे सुटत नाही. दोन त्रिकोण होतात, काडी उरते, माणूस चिडतो. तीन काड्यांचा त्रिकोण खाली ठेवून बाकीच्या तीन वर उचलून टोकाशी जुळवल्या की झाले. चार तोंडांचा सुळका तयार. यालाच चतुष्फलक म्हणतात. हे कोडे आम्ही वीसेक जणांना घातले. शिकलेला असो की अडाणी, प्रत्येकाचा हात आधी टेबलाला चिकटून राहतो. कुणीही सांगितलेले नसते की काड्या टेबलावरच ठेवा. आपणच ते धरून चालतो.

गंमत अशी की मोठमोठे रसायनशास्त्रज्ञही बरीच वर्षे असेच टेबलाला चिकटून होते. १८६५ साली हॉफमन यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्यान दिले, तेव्हा क्रोके नावाच्या खेळातले रंगीत चेंडू काड्यांना लावून रेणू दाखवले. कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन तांबडा हे रंग शाळेच्या संचात आजही त्याच चालीचे असतात. पण त्यांचा कार्बन चपटा होता, चार हात चार दिशांना पसरून जमिनीवर पडलेला. खेळणे देखणे, पण धडा चुकीचा. पुढे १८७४ साली हॉलंडमधल्या व्हांट हॉफ नावाच्या २२ वर्षांच्या तरुणाने एक छोटी पुस्तिका काढून सांगितले की कार्बनचे चार हात चपटे नाहीत, चतुष्फलकाच्या चार टोकांकडे गेलेले आहेत. लोकांना पटेना म्हणून त्याने पुठ्ठ्याचे लहान लहान नमुने घडी घालून केले आणि नामवंत शास्त्रज्ञांना पाठवले. कोल्बे नावाच्या एका बड्या प्राध्यापकाने १८७७ मध्ये त्याची जाहीर टिंगल केली. टिंगलीचा एक मुद्दा असा की हा गृहस्थ गुरांच्या डॉक्टरांच्या शाळेत नोकरीला आहे! रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ साली याच गृहस्थाला मिळाले.

आपल्याला मात्र हा आकार परका नाही. शेतात अनवाणी चालणाऱ्याला सराटा माहीत आहे. सराटा कसाही पडो, त्याचा एक तरी काटा वर असतोच. तीन पायांवर बसायचे आणि चौथा वर रोखायचा, ही चतुष्फलकाची सवय. बारावीच्या त्या पोराला आम्ही म्हटले, कार्बनचा अणू म्हणजे सराटा समज. कुठल्याही दोन काट्यांमध्ये जो कोन, तो तुझा १०९.५. त्याच्या चेहऱ्यावरून कळले की आता आकडा बसला.

कोन का बसतो, तेही हातानेच कळते. चार फुगे सारखे फुगवून त्यांची तोंडे एकत्र बांधा. फुगे आपोआप सराट्यासारखे चार दिशांना जातात, कुणी लावावे लागत नाहीत, कारण प्रत्येकाला जास्तीत जास्त जागा हवी. जमिनीवर दाबून चपटे करा आणि सोडा, परत उसळून तसेच. रेणूतल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्याही अशाच एकमेकींना ढकलतात. दोन फुगे बांधले तर सरळ रेषेत जातात (कार्बन डायऑक्साइडमधला कार्बन असा), तीन बांधले तर तिवईच्या पायांसारखे पण चपटे. पाण्याच्या रेणूत चारांपैकी दोन फुगे रिकामे असतात, त्यांवर हायड्रोजन नसतो, आणि ते जरा जास्त जागा खातात. म्हणून हायड्रोजनच्या दोन हातांमधला कोन १०४.५ वर येतो. दोन फुगे थोडे मोठे फुगवून बघा, बाकीचे दोन जवळ सरकलेले दिसतील.

आता साहित्याविषयी. ही आगपेटीच्या काड्यांची विद्या आमची नव्हे. अरविंद गुप्ता यांचे नाव आपल्यापैकी शिक्षकांच्या घरात तरी ठाऊक असेल. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुण्याच्या टेल्कोत नोकरीला. १९७८ साली वर्षभराची रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांमधल्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेले. तिथल्या आठवडे बाजारात मिळणाऱ्या वस्तूंमधून त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणि आगपेटीच्या काड्या एकत्र आणल्या. नळीच्या तुकड्यात दोन बाजूंनी काड्या घातल्या की लवचीक सांधा होतो. नळीला सुईने किंवा बाभळीच्या काट्याने भोक पाडून तिसरी काडी टोचली की तीन हातांचा. पुढे २००३ ते २०१४ ते पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुलांच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. परदेशी संचाच्या किमतीकडे बघून हात आखडणाऱ्या शाळांना या माणसाने वाट दाखवली.

आम्हीही पाचोऱ्याच्या स्टेशन रोडवरून व्हॉल्व्हची नळी आणली आणि कामाला लागलो. आणि पहिल्याच आठवड्यात अडलो. रबराचा सांधा सगळीकडे वाकतो. पूल, घर, त्रिकोण मजबूत की चौकोन मजबूत हे शिकवायला तो उत्तम. पण कार्बनचा कोन वाकत नाही. रबराचा कार्बन पोरांनी टेबलावर दाबला, तो मुकाट्याने चपटा झाला, आणि आम्ही कपाळाला हात लावला. मग भिजवलेले हरभरे घेऊन त्यांत काड्या खुपसल्या. हरभरा वाळला की काडी घट्ट धरतो, कोन हलत नाही. पण आता उलटी अडचण: काडी फिरतही नाही. रेणूत मात्र दोन अणूंमधला साधा हात आपल्या अक्षाभोवती फिरू शकतो. वाकायचे नाही, पण फिरायचे, असे काहीतरी हवे होते.

उत्तर दारात उभे होते. बैलगाडीच्या आसाला बाक येता कामा नये, आणि चाक तर फिरले पाहिजे. तेव्हा गाठ पक्की, हात फिरता. गाठीत काडीचा अर्धाच तुकडा रोवायचा, आणि दोन गाठींचे तुकडे मधे व्हॉल्व्हच्या नळीने जोडायचे. नळी इतकी आखूड की दोन्ही तुकड्यांची टोके आत एकमेकांना टेकली पाहिजेत. मग ती वाकत नाही, पण पिळता येते. गाठीसाठी आधी पोळ्याच्या बैलांची काळी माती वापरली, ती वाळताना तडकली. आपली काळी माती कपाशीला चांगली, कार्बनला नाही. शेवटी कुंभाराकडची मळलेली माती आणली. बोराएवढ्या गोळ्या, त्यांत अर्ध्या काडीचे चार तुकडे, सावलीत वाळवलेल्या.

कोनमापक लागत नाही. गोळीत आधी तीन पाय तिवईसारखे रोवा, चौथा वर. मग उलटवून दुसरा पाय वर करा. कोणताही पाय वर धरला तरी उरलेले तीन तसेच, त्याच उंचीवर उभे राहिले म्हणजे कोन जमला. एखादीकडे कलत असेल तर ओलेपणीच सारखे करा. सराट्याची परीक्षा म्हणा हिला.

या खटपटीत आम्हाला कोडे रचण्याविषयी एक गोष्ट उमगली. नियम माणसाने सांगायचा नसतो, तो वस्तूने सांगायचा असतो. मास्तरांनी "असे होत नाही" म्हटले की पोरगा ऐकतो आणि विसरतो. मातीच्या गोळीने "होत नाही" म्हटले की तो तासभर तिच्याशी भांडतो. पण त्यासाठी वस्तू खोटे बोलता कामा नये. रबराची गाठ खोटे बोलत होती.

आता मुख्य कोडे, ज्यात आपली पोल दडलेली आहे. अशा चार-चार हातांच्या दोन गोळ्या करा. प्रत्येकीच्या चार हातांना चार रंग द्या. आम्ही घरचेच रंग घेतले: कुंकू, हळद, नीळ आणि चुना. (इथेही फजिती झाली. ओला चुना लागून हळदीची काडी लाल झाली आणि कुंकवाच्या दोन काड्या दिसू लागल्या. हळद नि चुन्याचेच कुंकू होते हे आम्ही विसरलो होतो! रंग वेगवेगळे वाळवून मगच काड्या रोवा.) पहिली गोळी चुन्याचा हात वर धरून टेबलावर ठेवा. वरून पाहताना खालचे तीन हात घड्याळाच्या काट्याच्या दिशेने कुंकू, हळद, नीळ असे लावा. दुसरी गोळी तशीच, फक्त क्रम उलट: कुंकू, नीळ, हळद. आता दोन्ही पोराच्या हातात द्या आणि सांगा, हात न उपटता दोन्ही एकसारख्या धरून दाखव. रंगाला रंग आला पाहिजे.

येणार नाही. दोन रंग जुळतात, दोन चुकतात. फिरवा, उलटी करा, आडवी धरा. त्या शाळेतल्या एका मुलीने अर्धा तास घातला, मग खिडकीच्या काचेतल्या प्रतिबिंबाकडे पाहून म्हणाली, "ही त्या दुसरीचं आरशातलं रूप आहे." डावा आणि उजवा हात. बोटे तीच, लांबी तीच, पण डाव्याचा मोजा उजव्याला नीट बसत नाही. एका पोराने मात्र शिक्षकांची पाठ वळताच दोन हात उपटून अदलाबदल केली आणि "झालं!" म्हणून ओरडला. त्याला रागवायला हवे होते, पण त्याने जे केले तेच खरे रसायनशास्त्र आहे. डाव्याचा उजवा करायचा तर बंध तोडूनच करावा लागतो, नुसते फिरवून होत नाही. दोन हातांची एकदा अदलाबदल केली की डाव्याचा उजवा, पुन्हा केली की परत डावा. तेव्हापासून आम्ही हा "लबाडीचा" डाव कोड्यातच घेतला आहे.

आता नळीकडे वळू. दोराचे एक टोक झाडाला बांधून दुसरे हलवले तर लाट जाते: वर-खाली हलवले तर उभी, डावी-उजवीकडे हलवले तर आडवी. मधे उभ्या गजांचे फाटक असेल तर उभी लाटच पार होईल. प्रकाशाचेही तसेच आहे. यंत्रात एक फाटक आधी, ते एकाच दिशेचा हेलकावा सोडते. मग रसाची नळी. मग दुसरे फाटक. नळीत साधे पाणी असेल तर हेलकावा जसाच्या तसा येतो. साखरेचे पाणी असेल तर येता येता तो पिळला जातो आणि दुसरे फाटक तितकेच फिरवून धरावे लागते. किती फिरवावे लागले, त्यावरून साखर किती ते कळते. शुद्ध साखर २६ ग्रॅम घेऊन पाणी घालून १०० मिलिलिटर केले आणि २०० मिलिमीटरच्या नळीत भरले की हेलकावा सुमारे ३४.६ अंश उजवीकडे वळतो. साखर कारखान्यांच्या मापपट्टीवर त्यालाच १०० म्हणतात. तेथून खाली सगळे प्रमाण.

पण साखरच का पिळते, पाणी का नाही? कारण साखरेच्या रेणूत त्या चार रंगांच्या गोळीसारखे डावे-उजवे असलेले कार्बन आहेत, आणि उसातली सगळी साखर एकाच हाताची आहे. इथे त्या बारावीच्या पोराने चांगली शंका काढली: रेणू तर नळीत वाटेल तसे उलटसुलट तरंगत असणार, मग एकाने उजवीकडे पिळले तर उलट्या पडलेल्याने डावीकडे पिळून वजाबाकी नाही का होणार? उत्तर म्हणून त्याच्या हातात एक बोल्ट दिला. आटे या टोकाकडून पाहा की त्या टोकाकडून, उजवे ते उजवेच. सायकलच्या डाव्या पायड्याचे आटे उलटे असतात. तो पायडा कसाही धरून उजवीकडे बसवा बघू! मात्र एक सांगून ठेवतो: रेणूचा नुसता आकार पाहून प्रकाश डावीकडे वळेल की उजवीकडे, हे सांगता येत नाही. ते मोजावेच लागते.

आपल्या उसाची साखर म्हणजे दोन छोट्या साखरांची जोडगोळी: एक ग्लुकोज म्हणजे द्राक्षसाखर, दुसरी फ्रुक्टोज म्हणजे फळसाखर. दोघींतही कार्बन ६, हायड्रोजन १२, ऑक्सिजन ६, म्हणजे मालमसाला तोच, बांधणी वेगळी. ग्लुकोजची सरळ साखळी केली तर तिच्यात डावे-उजवे होऊ शकणाऱ्या चार गाठी येतात. प्रत्येक गाठ दोन प्रकारची, म्हणजे २ गुणिले २ गुणिले २ गुणिले २, सोळा रेणू. त्यांतली एकच आपली द्राक्षसाखर. एका ठरावीक गाठीवरचे दोन हात बदलले की तीच दुधातल्या साखरेचा भाग असलेली गॅलॅक्टोज होते. सोळांतली ही एक कोणती, हे १८९१ साली जर्मनीत एमिल फिशर यांनी शोधून काढले, आणि त्या शोधात पोळपाटावरची वाटावी अशी एक हकीकत आहे. फिशर इटलीच्या किनाऱ्यावर सुट्टीला गेले असता अडलेले गणित त्यांनी सोबतच्या बायर या थोर शास्त्रज्ञांना घातले. बायर यांनी तिथल्या तिथे पावाच्या गोळ्या आणि दात कोरायच्या काड्या घेऊन कार्बन बनवायला सुरुवात केली. बराच वेळ झटापट करून त्यांनी नाद सोडला. पुढे फिशर यांनी घरी परतून चांगले नमुने समोर ठेवून, पुष्कळ न्याहाळून, उत्तर काढले. दोघांनाही पुढे नोबेल मिळाले, फिशर यांना १९०२ साली आणि बायर यांना १९०५ साली. पावाची गोळी बिघडते, हा अनुभव आमच्या काळ्या मातीच्या गोळीचाच भाऊ.

आमचे सोळांचे कोडे असे: चार गाठींची साखळी करून द्यायची, आणि सोळाही प्रकार करून एकेक कागदावर नोंदायचे. दोनदा तोच आला की बाद. पोरे सात-आठवर थांबतात आणि भांडतात. मग कुणीतरी जोड्या लावतो, डाव्याला उजवा, आणि आठ जोड्या पुऱ्या होतात.

याच गाठींची सहाची कडी करून टेबलावर सपाट बसवायला सांगा, तेही होत नाही. एक आड एक गाठ वर-खाली राहते, आरामखुर्चीसारखा आकार येतो. न तोडता पिळून त्याच खुर्चीची उलट खुर्ची करता येते, तेवढे कोडे पोरांना फार आवडते. झाक्से नावाच्या तरुणाने १८९० मध्ये हे कागदाच्या घड्यांनी दाखवले होते. कुणी लक्ष दिले नाही आणि तो १८९३ मध्ये वारला. त्या विषयातल्या कामाचे नोबेल १९६९ साली इतरांना मिळाले. ग्लुकोजची कडीही अशीच खुर्ची असते, मात्र तिच्या सहा जागांपैकी एकीवर ऑक्सिजन बसतो.

आता उसाच्या गाडीकडे या, कारण सगळे त्यासाठीच आहे. ऊस तोडला की जोडगोळी सुटू लागते. मधला बंध तुटतो, पाण्याचा एक रेणू त्यात जातो, आणि ग्लुकोज व फ्रुक्टोज वेगळ्या होतात. सुटायच्या आधी साखर प्रकाशाला उजवीकडे वळवते, तिचा ठरलेला आकडा ६६.५. सुटल्यावर ग्लुकोज उजवीकडे सुमारे ५२.७ ने ओढते आणि फ्रुक्टोज डावीकडे सुमारे ९२ ने. रस्सीखेच लावा: डावीकडचा जिंकतो, निम्म्यानिम्म्या मिश्रणाचा आकडा डावीकडे २० च्या आसपास येतो. उजव्याचे डावे झाले म्हणून या मिश्रणाला इन्व्हर्ट, म्हणजे उलटी साखर, म्हणतात. वजनाचा हिशेबही बघा. ३४२ किलो साखर १८ किलो पाणी खाऊन ३६० किलो उलटी साखर होते. गोडी वाढली, वजन वाढले, आणि पोते गेले! कारण ही साखर दाणा धरत नाही, मोलॅसिसमध्ये जाते.

गुऱ्हाळवाल्याला हे पुस्तकाशिवाय ठाऊक आहे: शिळ्या उसाचा गूळ चिकट होतो, ढेप धरत नाही. घरात माउलींना ठाऊक आहे: पाकाची पुन्हा साखर होऊ नये म्हणून त्या लिंबू पिळतात. लिंबाची आंबटाई गरम पाकातली काही साखर उलटी करते, आणि उलटी साखर दाणे जमू देत नाही. गुलाबजामात हवे ते, पोत्यात नको.

हे तोडकाम तोडलेल्या उसात आंबटाईपेक्षा जास्त करतात ते इन्व्हर्टेज नावाचे विकर, काही उसातलेच, काही कापल्या टोकाशी वाढणाऱ्या जंतूंचे. विकर आणि साखर यांचे नाते किल्ली-कुलपाचे आहे, असे १८९४ साली त्याच फिशरनी सांगितले. त्याचेही कोडे केले आहे. पुठ्ठ्यावर कुंकू, हळद, नीळ अशा तीन खाचा ठरावीक क्रमाने पाडा. चुन्याचा हात वर धरून गोळी त्यात बसवा. उजवी बसते, डावी कधीच बसत नाही. यीस्टला ग्लुकोज आंबवता येते, पण तिचे आरशातले रूप दिले तर आंबवता येत नाही, ते याचमुळे. कुलूप उघडायला किल्लीला हात आहे, आणि तो हात ऊस तोडल्या क्षणापासून कामाला लागतो. उन्हात पडलेल्या मोळीत तर जास्तच. चोवीस तासांत ऊस गव्हाणीत पडला पाहिजे असे शेतकी खाते ओरडते, त्यामागे हे आहे. गाड्या अड्ड्यावर थांबतात, टोळी येत नाही, तोडीची चिठ्ठी उशिरा मिळते, या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्यांचे उत्तर कारखान्याने द्यायचे आहे. पण ऊस आधी तोडून ठेवून नंबराची वाट पाहणे, हे आपल्या हातातले आहे.

केमिस्ट साहेबांच्या यंत्राची एक कमजोरीही सांगतो, म्हणजे कुणी त्याला देव मानणार नाही. शिळ्या उसात ल्यूकोनोस्टॉक नावाचे जंतू साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचा बुळबुळीत पदार्थ करतात. हा डेक्स्ट्रानही प्रकाश उजवीकडेच वळवतो, आणि साखरेच्या जवळजवळ तिप्पट. म्हणजे साखर खाल्ली जाते, पण यंत्र ती आहे असे थोडेफार म्हणतच राहते. पोल ठीक दिसली आणि पोती कमी भरली, असे होण्याचे हे एक कारण आहे. तेव्हा शिळ्या उसाची पोल चांगली आली म्हणून फुशारून जाऊ नये. नुसत्या पोलवर न थांबता इतर तपासण्या प्रयोगशाळेत का करतात, हे आता लक्षात येईल.

नळीचा प्रयोग घरीही करता येतो. काचेच्या सरळ भांड्यात साखरेचा दाट पाक भरून लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यासमोर धरा आणि पोलराइड गॉगलमधून पाहा. पडद्यातून येणारा प्रकाश बहुधा एकाच हेलकाव्याचा असतो, गॉगल हे दुसरे फाटक. गॉगल फिरवला की पाकात रंग पालटताना दिसतील. साध्या पाण्यात दिसत नाहीत. मग तोच पाक लिंबू पिळून मंद आचेवर बराच वेळ ठेवा, आटलेले पाणी भरून काढा, गार करून परत पाहा. गॉगल त्याच कोनात धरला तर रंग बदललेले असतील, कारण वळण कमी होत गेलेले असते. आंधळा उजेड आणि पातळ पाक असेल तर काही दिसणार नाही, म्हणून पाक दाट हवा आणि भांडे रुंद.

मातीच्या गोळ्यांचे दोन संच आणि किल्ली-कुलपाचा पुठ्ठा शेतकी कार्यालयात ठेवला आहे. सभासदांच्या मुलांना सही करून आठवडाभर घरी नेता येईल. पहिल्या संचातला निळीचा एक हात मागच्या वेळी हरवला आहे. ज्यांच्याकडे राहिला असेल त्यांनी कृपया आणून द्यावा.